श्वासाची जागा

मामांना हळू बोलता येत नसे. लासलगावच्या मार्केट यार्डात त्यांनी उभा जन्म कांद्याचे लिलाव पुकारले. ट्रॅक्टरची धडधड, हमालांची हाकाटी, मागून हॉर्न देणारे ट्रक, या सगळ्याच्या वर आवाज काढायची सवय घशाला लागली ती कायमची. मी नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. एकदा माझा विसरलेला डबा घेऊन ते तिथे आले, वाचनकक्षात माना खाली घालून बसलेली मुलं पाहिली आणि त्यांच्या मते कुजबुजत मला विचारलं, "कोण गेलं गं?" सगळा कक्ष हसला.

मामी गेल्या, पाठोपाठ मामांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मी त्यांना माझ्या पंचवटीतल्या दोन खोल्यांत आणलं. आई-वडिलांच्या मागे माझं म्हणावं असं माणूस ते एकटेच होते. डॉक्टरांनी "जपा" एवढंच सांगितलं होतं. कसं जपायचं ते सांगितलं नव्हतं. दुपारी ते झोपले की मी दाराशी उभी राहून त्यांच्या छातीकडे बघत राही. बनियन वर उचललं गेलं की मग माझा जीव भांड्यात पडे. एकदा डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "हाय अजून. जा, चहा टाक." पुढे ते रोजचंच झालं.

कोकणातल्या एका संस्थेला डॉल्फिन वाचवण्याच्या कामासाठी इंटर्न हवे होते. ते पत्रक ग्रंथालयाच्या फळ्यावर मीच लावलं होतं. काम बिनपगारी, राहणं किनाऱ्यावर, विद्यार्थ्यांना प्राधान्य. पुन्हा एकदा डबा घेऊन आलेल्या मामांनी ते वाचलं आणि तिथूनच फोन लावला. पलीकडच्या मुलीने विद्यार्थी आहात का असं विचारलं असावं, कारण मामा म्हणाले, "सध्या रिकामाच हाय, म्हणजे तेच झालं की." ती हसली, आणि त्यांना घेतलं. मी घरी दवाखाना किती लांब, ऊन किती, भरती कशी, सगळं सांगून पाहिलं. "मग चल की बरोबर," ते म्हणाले. "तिथं माझी छाती कोण बघल?" मला गुडघाभर पाण्याची भीती वाटते. तरी मी रजा टाकली.

'इंटर्न' हा शब्द त्यांना फार आवडला. तिथली कॉलेजची मुलं त्यांना 'इंटर्नमामा' म्हणू लागली. शिबिराची प्रमुख माझ्याहून लहान अशी एक प्राण्यांची डॉक्टर होती, सगळे तिला डॉक्टरताई म्हणत. तिने पहिल्या दिवशी पाण्याने भरलेल्या रबरी डॉल्फिनवर धडा दिला. वाळूवर अडकलेला प्राणी आधीच भेदरलेला असतो, त्याच्याजवळ आवाज करायचा नाही. मामा "बरं" म्हणाले, तेव्हा पलीकडे जाळं विणत बसलेल्या कोळ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या सकाळी मामा तोंडाला उपरणं बांधून हजर. काय झालं विचारलं तर त्यांनी नुसतं समुद्राकडे बोट दाखवलं.

काम बहुतेक कंटाळवाणं होतं. फाटक्या जाळ्यांचे तुकडे गोळा करायचे, टेकडीवर दुर्बीण घेऊन बसायचं, एखादा मेलेला डॉल्फिन वाहून आला तर तो मोजायचा. मामा चढ चढताना मी त्यांच्या मागे असे, मागून त्यांचा चेहरा दिसत नाही म्हणून आणखी घाबरून.

मग एका सकाळी कोळीवाड्यातून निरोप आला. ओहोटीत एक डॉल्फिन वाळूवर राहिला होता, आणि जिवंत होता. आम्ही धावलो. मीही धावले, पण माझं लक्ष मामांच्या पावलांवर. तो राखाडी देह उन्हात चकाकत होता. मुलं बादल्या आणायला गेली, डॉक्टरताई लोकांना मागे सारायला वळली, आणि मामांनी ओली चादर त्याच्यावर टाकून चारही बाजूंनी घट्ट खोचली. यार्डात ऊन किंवा पाऊस आला की ट्रॉली अशीच कडेपर्यंत झाकायची असते. फट राहिली की माल गेला. हात आपसूक चालले. पण डॉल्फिन डोक्यावरच्या छिद्रातून श्वास घेतो, आणि ते छिद्र चादरीखाली गेलं होतं.

डॉक्टरताईने धावत येऊन चादर ओढली. छिद्र मिटलेलं होतं. आम्ही वाट पाहत राहिलो. डोळा उघडा होता, पण तो मेलेल्याचाही असतो. मामांच्या ओठांचा रंग गेला होता आणि हात छातीवर होता. मला कळेना कुणाकडे बघू.

मग फुस्स असा आवाज झाला, आणि छिद्रातून उडालेले थेंब मामांच्या तोंडावर आले.

डॉक्टरताई रागावली नाही. तिने चादर छिद्राच्या मागे दुमडून दाखवली आणि म्हणाली, "मामा, श्वासाची जागा मोकळी ठेवायची. बाकी सगळं झाका." मामांनी मान हलवली, छत्री उघडली आणि त्या डोक्याशी वाळूत बसले ते भरती येईपर्यंत उठले नाहीत. दोन श्वासांच्या मध्ये फार वेळ जाई. तेवढ्या वेळात ते वाकून, उपरण्याआडून, मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती अशा आवाजात विचारत, "हाय का रे?"

पाणी आल्यावर त्याला ताडपत्रीच्या झोळीत उचलून आत नेलं. मामा ऐकेनात, त्यांनी एक टोक धरलं. त्यांनी थांबावं म्हणून मी त्यांचा शर्ट मागून मुठीत धरला आणि मीही ओढली गेले. पाणी कमरेवर आलं, मग छातीवर. एक लाट डोक्यावरून गेली आणि मला काही दिसेना. मूठ मात्र सुटली नाही. कान पुसून मी दोन श्वास ऐकायचा प्रयत्न करत होते, एक मामांचा आणि एक त्यांच्याही पुढचा, झोळीतला. मग झोळी हलकी झाली. शेपटीचा फटका बसला, आणि तो गेला. जगला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

"घाबरली का?" मामांनी धापा टाकत विचारलं. मी हो म्हटलं. "मी बी लय घाबरलो," ते म्हणाले. "पण शर्ट सोड आता. फाटल."

परतल्यावर संस्थेचा निळा टी-शर्ट घालून ते लासलगावला जाऊन आले. आता समुद्रात कांदा लावता का, असं एका जुन्या व्यापाऱ्याने विचारलं. "लावतो," मामा म्हणाले, "पाणी फुकट हाय." पण थट्टा संपल्यावर त्यांनी त्याला चादरीची गोष्टही सांगितली, स्वतःची चूक न वगळता. ती ते सगळ्यांनाच सांगत. थंडीत मी गोधडी डोक्यावरून घेऊन पडले तर जाता-येता ती नाकाखाली ओढून जात.

गेल्या हिवाळ्यात त्यांना पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. या खेपेला त्यांना हळू बोलता येत होतं. दोन श्वासांच्या मध्ये फार वेळ जाऊ लागला. मी वाकून विचारी, "मामा?" आणि ते डोळे न उघडता सांगत, "हाय अजून." चहाचं म्हणणं त्यांनी सोडून दिलं होतं.

मग एका दुपारी मी विचारलं आणि वाट पाहिली. पुन्हा विचारलं. सिस्टर आल्या, डॉक्टर आले, सगळं बघून गेले. सिस्टरांनी पांढरी चादर हळूच वर ओढली, डोक्यापर्यंत.

"नाकावरून नको," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. मी चादर हनुवटीखाली दुमडली, कडा दोन्ही बाजूंनी नीट खोचल्या, आणि सवयीने दाराशी जाऊन उभी राहिले.