श्रावणबापूंचा दुपट्टा

पाण्यातून वर आले की श्रावणबापू आधी दुपट्टा मागत. अंग पुसायला नव्हे, हातात जे आलं असेल ते पुसायला. गाडीची नंबर प्लेट असो की कुणाचा मोबाइल, चिखलाची वस्तू त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही. बुडालेलं माणूस काढलं तर काठावर ताटकळलेल्या नातेवाइकांना ते लांबच थांबवत, त्याचा चेहरा पुसत, केस सारखे करत आणि मगच म्हणत, "या आता. पाहा."

"मायनं लेकराले असं चिखलात काहून पाहावं?" त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "पान्यानं नेलं ते नेलं. चिखल पुसनं तं आपल्या हातात हाय नं, रायटर सायेब."

मी दक्षिण नागपुरातल्या एका पोलीस ठाण्यात रायटर होतो, म्हणजे जबाब आणि पंचनामे लिहिणारा हवालदार. बापू कुहीकडचे. गावच्या तळ्यात शिंगाडे काढता काढता पाण्याखाली राहायला शिकले आणि पुढे हुडकेश्वरला मुलाकडे राहायला आले. आमच्या हद्दीत कुणी गोळी झाडून देशी कट्टा तळ्यात नाहीतर विहिरीत भिरकावला की साहेब मला सांगत, "बोलाव तुझ्या बापूंना." बापू डोळे मिटूनच बुडी मारत. "त्या गढूळात डोये उघडून का दिसनार हाय? मी पायानं पाहतो," म्हणत.

कट्टा सापडला की मात्र आमची खडाजंगी ठरलेली. ते दुपट्ट्यासाठी हात पुढे करत आणि मी झडप घालून वस्तू काढून घेई.

"अवो सायेब, पुसून तं देऊ द्या!"

"राहू द्या बापू, साहेब घाईत आहेत."

ते दिवसभर फुगून बसत. सापडलेलं हत्यार आहे तसंच, दोन पंचांसमोर सील करावं लागतं, एवढं एक वाक्य मी वीस वर्षांत त्यांना सांगितलं नाही. समजावत बसायचा मला कंटाळा. पंच म्हणून उभ्या केलेल्या माणसांना ते बिनकामाचे बघे समजत आणि त्यांनाच दुपट्टा धरायला लावत. आम्ही आपले हसत असू.

मग त्यांच्या मुलाचा, विलासचा, खून झाला. विलास ऑटो चालवायचा. ऑटो लावण्यावरून मनीषनगरात एकाशी त्याचं भांडण झालं आणि दोन दिवसांनी तोंडाला फडकं बांधलेल्या माणसाने त्याला गोळी घातली. बघणारा एकच, तिथला भाजीवाला. त्याचा जबाब मीच लिहिला. चेहरा दिसला नाही, पण कट्ट्याच्या मुठीला हिरवी पट्टी गुंडाळलेली होती, आणि भांडणाच्या दिवशी त्या भांडणाऱ्याने हाच हिरव्या पट्टीचा कट्टा काढून दाखवला होता. सारी केस त्या पट्टीवर उभी होती.

त्या भांडणाऱ्याला आम्ही पकडलं आणि त्याने कट्टा हुडकेश्वरमागच्या तळ्यात टाकल्याचं सांगितलं. मुलाच्या केसमध्ये बापालाच पाण्यात उतरवता येईना, म्हणून दुसरे पाणबुडे आणले. त्यांनी तीन दिवस तळ ढवळला आणि हात हलवत परत गेले. बापू तिन्ही दिवस काठावर उकिडवे बसून होते. "जरा डावीकडं पाहा नं गा," एवढंच अधूनमधून म्हणत. कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर ते रोज सकाळी एकटेच उतरू लागले. मला ठाऊक होतं. मी अडवलं नाही आणि काही सांगितलंही नाही. पाच महिन्यांनी एका दुपारी ते ठाण्यात आले. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात दुपट्ट्याची घडी. माझ्या टेबलावर त्यांनी ती उलगडली. आत कट्टा होता, आणि तो लखलखत होता.

"राखेनं घासला, खोबरेल देलं," ते म्हणाले. "मुठीले सडकी पट्टी होती गुंडायलेली, ते काढून टाकली. आता कसा दिसून राहिला?"

"पट्टी कुठे आहे, बापू?"

"चुलीत टाकली. काहून?"

मी कट्टा परत दुपट्ट्यात गुंडाळला.

"आता तं सजा होईन नं, सायेब?"

"होईल," मी म्हणालो. खोटे जबाब मी आयुष्यभर ऐकले होते. त्या दिवशी एक दिला.

कोर्टात आरोपीच्या वकिलाने त्यांना अगदी अदबीने विचारलं, "काका, हा तुम्ही स्वच्छ केलात?" बापू ताठ उभे राहिले. "हो. चांगला घासून." काढताना कुणी पाहिलं, या प्रश्नावर ते म्हणाले, "पान्याखाली कोन पाहीन?" मागे कुणीतरी हसलं. भाजीवाल्याने कट्टा उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली. याच्या मुठीला पट्टी नाही, म्हणाला. आरोपी सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बापूंनी मला गाठलं. सायेब म्हणाले नाहीत.

"काहून गा? वीस वर्सं तुह्यासंगं पान्यात उतरलो. काहून नाई सांगतलं मले?"



पुढे ते कायमचे गावी निघून गेले. जाण्याआधी एकदाच पाण्यात उतरले, माझ्याच निरोपावरून. कॉलेजातली एक मुलगी बुडाली होती. त्यांनी तिला आणून काठावर ठेवलं आणि बाजूला होऊन उभे राहिले. तिचा चेहरा चिखलाने माखला होता. दुपट्टा त्यांच्या खांद्यावरच होता. मागून आईचा हंबरडा जवळ येत होता.

"सायेब," ते खाली बघत म्हणाले, "पुसू का?"

"पुसा बापू. पुसा लवकर."

"पक्कं नं? काई बिघडन तं नाई?"

"नाही हो."

त्यांचा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. शेवटी मी खाली बसलो आणि माझ्या रुमालाने पुसू लागलो. मला ते त्यांच्यासारखं जमलं नाही. कानामागचा चिखल तसाच राहिला, आणि आईने येऊन आधी तोच पाहिला.