भिसेगावच्या पडवीतली शाळा

माझ्या यजमानांना कर्जतला रेल्वेच्या कोठारात कारकुनी मिळाली, म्हणून आम्ही पोर्तुगीज मुलूख सोडून इंग्रजांच्या मुलखात आलो. सोबत आमची पाच वर्षांची एकुलती मुलगी. घरी आम्ही कोंकणी बोलत असू. मराठी मला वाचता येई, पण बोलायला गेले की तोंडातून आमचेच हेल निघत.

मुलगी दिवसभर माझ्या पदराला धरून असे. तिला कुठेतरी बसवावे असे ठरले आणि आमचा पहिला मोठा वाद झाला. स्टेशनाजवळ एक मडम लहान मुलांचा वर्ग घेई. यजमान म्हणाले, "तिथं उजेड आहे, स्वच्छता आहे. मूल आजारी पडलं तर मडम औषधही देते."

"आणि रोज तिच्या देवाची प्रार्थना म्हणायला लावते," मी म्हटले. "माझी मुलगी तिथं जायची नाही."

भिसेगावात एक पंतोजी ओटीवर मोठ्या मुलांना शिकवीत. मागच्या पडवीत त्यांची बायको लहानग्यांना सांभाळी, धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेई. मी पाहायला गेले तेव्हा ती एका रडणाऱ्या पोराचे नाक आपल्या पदराने पुशीत होती. मला तेवढे पुरले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी तिथे जाऊ लागली.

महिन्याभरात मुलीची जीभ वळली. मीच तिला पोचवायला आणायला जात असे. एके दिवशी वाटेत थांबून ती म्हणाली, "आई, तू दारापर्यंत येऊ नको. तू बोललीस की पोरं हसतात." मी हसून बरे म्हटले आणि दुसऱ्या दिवसापासून पडवीतच शिकणाऱ्या शेजारणीच्या मुलीबरोबर तिला पाठवू लागले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही, हे मी यजमानांनाही सांगितले नाही.

श्रावणात एकदा ती सकाळी जरा मलूल दिसली. मी राहा म्हटले, तर ऐकेना. पडवीत बसल्या बसल्या तिला हुडहुडी भरली. तापाच्या भरात ती नवे सारे विसरली आणि आपल्या बोलीत म्हणू लागली, "शीं लागता... शीं..." शीं म्हणजे थंडी. पंतोजींच्या बायकोला वाटले, पोरीला परसाकडे जायचे आहे. तिने हात धरून तिला मागच्या अंगणात नेऊन बसवले. पाऊस पडत होता. पोरे हसली. "एवढी मोठी झाली तरी हिला कळत नाय रं!" मुलगी पुन्हा तेच म्हणे, आणि ती बिचारी पुन्हा तिला बाहेर नेई. असे तीनदा झाले. हे मला नंतर शेजारणीच्या मुलीने सांगितले.

दुपारी पंतोजी स्वतः तिला खांद्यावर घेऊन आले. तिचे कपडे भिजून अंगाला चिकटले होते. यजमानांनी रेल्वेच्या डॉक्टरकडून क्विनीन आणले. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. यजमान मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

बाराव्यानंतर पंतोजींची बायको भेटायला आली. भिंतीशी टेकून बसली. मग म्हणाली, "बाई, ती काय म्हणत होती हो? मला कळलंच नाही. झोप लागत नाही मला."

काहीही सांगता आले असते. देवाचे नाव घेत होती, म्हणता आले असते. पण माझ्या छातीत तेव्हा नुसती आग होती. मी म्हटले, "थंडी वाजते, म्हणत होती."

ती भिंतीला धरून उठली आणि चपला न घालताच निघून गेली. शेजारणीच्या मुलीच्या हाती मी त्या दुसऱ्या दिवशी पाठवल्या.

त्यानंतर तिने पडवीत एकही मूल घेतले नाही. चार वर्षांनी आमची बदली झाली. तोवर बाजारात, देवळात ती कैकदा समोर आली, आणि दर वेळी आधी मीच मान फिरवली. दोष तिचा नव्हता, हे मला ती भेटायला आली त्या दिवशीही ठाऊक होते.