तीन मालकांची बार्ज

काम कमी आणि माणसं जास्त असली, की ऑफिसात किस्से साठतात. आमच्याकडे काम दरवर्षी कमी होत गेलं आणि मालक वाढले. एकतीस वर्षं कारकुनी करून मी घरी आलो, तेव्हा सोबत आणण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मित्र विचारतात, "प्रधान, शिपिंग कंपनीत होतास, कुठे कुठे गेलास?" मी सांगतो, उरणपर्यंत.

कारण शिपिंग कंपनी म्हणजे चार बार्ज. मोठं जहाज खोल पाण्यात उभं राहतं. त्यातला कोळसा सपाट बुडाच्या बार्जमध्ये उतरवून खाडीतून जेटीला आणायचा, एवढाच धंदा.

*

कंपनी काढली आप्पांनी. पनवेलजवळच्या कोन गावचे शेतकरी. जमीन सरकारात गेली, त्या पैशात पहिली बार्ज घेतली. हौसेने पहिल्या फेरीला चढले आणि जेटी नजरेआड व्हायच्या आत उलट्या सुरू झाल्या. उतरल्यावर बार्ज चालवणाऱ्या तांडेलाला म्हणाले, "आजपासून पाणी तुझं, कागद माझे."

पुन्हा कधी चढले नाहीत. बाकीचा सगळा समुद्र त्यांनी पनवेलात खुर्चीवर बसून सांभाळला.

*

खिशाखिशात मोबाइल आले त्या सुमारास आप्पा गेले. तोवर तीन बार्ज भंगारात निघाल्या होत्या. उरली एक, आणि मुलगे तीन: अण्णा, नाना आणि धाकटे बाळाशेठ.

वकील म्हणाले, "विका आणि पैसे वाटून घ्या."

"बापाची वस्तू विकायची?" तिघे एकदम म्हणाले. तिघांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

मग या घराण्याला जी एकच वाटणी येत होती, ती त्यांनी केली. शेताची करतात तशी. फूटपट्टी धरून बार्जचे तीन तुकडे कागदावर पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. मागचा भाग अण्णांना, मधला नानांना, पुढचा बाळाशेठना. वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "हे हसायचं की टाइप करायचं?"

मी टाइप केलं.

*

पुढच्या महिन्यात प्रत्येकाने आपापला भाग आपापल्या रंगात रंगवला. तपासणीला आलेले सर्व्हेअर जेटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. शेवटी म्हणाले, "यातली आम्ही तपासायची बार्ज कुठली?"

विम्याच्या वेळी अण्णा एजंटला म्हणाले, "फक्त मागच्या भागाचा उतरवा. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

एजंट नवीन पनवेलचा, सभ्य मुलगा. हळूच म्हणाला, "साहेब, बार्ज बुडते तेव्हा सगळी बुडते."

"ते त्यांना सांगा," अण्णा म्हणाले.

*

तोवर तिघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. ऑफिस मात्र एकच. दोन खोल्यांचा फ्लॅट, तीन टेबलं आणि मध्ये मी.

"प्रधान, त्याला कळवा, पंखा कमी कर," अण्णा म्हणायचे.

मी चार पावलं चालून नानांना कळवायचो. नाना म्हणायचे, "लेखी द्या." मी लेखी द्यायचो. उत्तर यायचं, तेही लेखी: पंखा सामायिक आहे, सबब एकतर्फी कमी करता येणार नाही. दोन्ही पत्रं मीच टाइप केलेली असायची. घरी आल्यावर बायकोने काही विचारलं तरी मला वाटायचं, हिला लेखी द्यावं.

*

शेवटची दोन वर्षं एकच गिऱ्हाईक उरलं होतं. त्याने कळवलं, की आणखी एकदा उशीर झाला तर काम दुसऱ्याला. काम गेलं असतं तर बार्जवरची आठ माणसं घरी बसली असती, आणि नववा मी.

नेमकं त्याच आठवड्यात लेटरहेडवर कुणाचं नाव आधी, यावरून बाळाशेठचं बिनसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो धर्मा नाखव्याचा. तो बार्जचा तांडेल, उरणकडचा कोळी.

"परधानभाऊ, जहाज वाट बगतंय. भरती सुटली का आमी चिकलात. पन बालाशेटचा निरोप हाय, नांगर त्यांच्या भागात येतो, कोनी उचलायचा नाय."

मी बाळाशेठकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. "सांगा त्याला," पेपरमागून आवाज आला, "नांगर माझ्या मालकीचा आहे. जागचा हलता कामा नये."

मी सांगितलं.  धर्मा म्हणाला, "बरं."

दुपारी गिऱ्हाइकाचा फोन आला: बार्ज जहाजाला वेळेवर लागली, माल चढतोय. बाळाशेठ पेपर टाकून उठले. मला धर्माला फोन लावायला सांगितला आणि तो माझ्या हातातून ओढून घेत ओरडले, "धर्मा, नांगर कोणी उचलला?"

फोन जुना होता, पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू यायचं.

"कोनीच नाय, शेट. नांगराची साकली बार्जवरून सोरून दिली. तुमचा नांगर व्हता तितंच हाय, खुणेला पान्यावर तरंगता पिवला डबा बांदलाय. आमी फक्त बार्ज नेली."