मणीला गाडी लागते

आम्ही निघालो त्या सकाळी तंजावरच्या राजवाड्यामागची आमची गल्ली दारादारांत उभी होती. अम्माच्या साड्यांची गाठोडी, देवांचा डबा, नारत्तंगाईच्या लोणच्याची बरणी, सगळं डिकीत बसलं होतं. मागच्या सीटवर अम्मा आणि तिच्या मांडीवर मणी. तमिळनाडूत दर तिसऱ्या कुत्र्याचं नाव मणी असतं. आमचा त्यातला सगळ्यांत छोटा, भाजीच्या पिशवीत मावेल एवढा. अप्पा गेल्यावर रिकाम्या घरात अम्माने त्याला आणलं होतं, आणि तेव्हापासून दोघं एकाच वेळी जेवत.

"जाते म्हणू नये, येते म्हणावे," असं तिनेच मला मी बेंगळुरूला नोकरीला निघाले तेव्हा शिकवलं होतं. त्या सकाळी ती स्वतः 'येते' म्हणाली नाही.

हे लिहिते आहे ते गल्लीत उरलेल्या तुम्हा चुलत भावंडांसाठी, आणि माझ्यासारखी बाहेर पडलेली जी आहेत त्यांच्यासाठी. आपल्यात देवनागरी वाचणारे थोडे. ज्याला येते त्याने इतरांना मोठ्याने वाचून दाखवावं. माझी मराठी आता तंजावरची राहिली नाही, सांगलीच्या सासूबाईंनी ती धुऊन इस्त्री केली आहे. तेवढं सांभाळून घ्या.

अम्माच्या किडन्या थकल्या होत्या. डायलिसिस सुरू करायचं, आणि आठवड्यातून अनेकदा तिला नेणं-आणणं तंजावरात कुणाला जमणारं नव्हतं. बेंगळुरूच्या इस्पितळात मी तारीख घेतली होती. अम्मा यायला तयार झाली, एका अटीवर.

"त्यास सोडून मी कोठे येऊ?"

जवळचंच वल्लम यायच्या आधीच मणीच्या तोंडातून लाळेची धार लागली. मग थरथर, मग उलटी. सकाळी निघताना अम्माने प्रेमाने भरवलेला दहीभात सगळा तिच्या साडीवर आला. त्रिचीच्या अलीकडे पोटात काही उरलं नव्हतं, तरी तो ओकतच होता. शेवटी त्याने मान टाकली. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. मी रस्त्याकडेला गाडी उभी करून त्याच्या तोंडात बोटाने पाणी सोडत होते आणि ते बाजूने गळून जात होतं.

"वंडी फिरव," अम्मा म्हणाली. गाडीला ती वंडीच म्हणते.

"अम्मा, परवा इस्पितळाची तारीख आहे."

"फिरव म्हणते ना डी."

मी फिरवली. तारीख गेली.

तुमच्यातले काही म्हणाले होते, कुत्र्याला ठेवून जा, आम्ही बघतो. तुमचं मन मोठं. पण अम्मा मागे इस्पितळात होती तेव्हा त्याने शेजारच्या कामाक्षीच्या हातचा घास घेतला नव्हता, पाणीसुद्धा नाही. रेल्वेत त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत कोंडायला अम्मा तयार नव्हती. आणि मला दिसत होतं, रोज सकाळी तिचे पाय आदल्या दिवसापेक्षा सुजलेले असत. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा.

मी फोनमध्ये मणीचा व्हिडिओ घेतला आणि बसने ओरत्तनाडूला गेले. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

"पोट नंतर बिघडतं, आधी भीती बसते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "गाडीत बसलं की मरण येतं, एवढंच त्याला ठाऊक आहे. ते पुसा. गाडी हलवूच नका. त्याचं जेवण उभ्या गाडीत द्या."

"वेळ किती लागेल?"

"ते तोच ठरवील."

"आईकडे तेवढा वेळ नाही, डॉक्टर."

त्यांनी मणीचं वजन विचारलं. मग त्याप्रमाणे उलटीवरची गोळी लिहून दिली. वर बजावलं, माणसांची गोळी चुकूनही देऊ नका, निघायच्या आधी पोट रिकामं ठेवा, घसरणार नाही अशा टोपलीत बांधून बसवा, काच थोडी खाली ठेवा. परतीच्या बसमध्ये कालव्याकाठचे माड मागे पळत होते आणि मी दुपट्ट्यात तोंड खुपसून रडत होते.

मग सुरू झालं ते तुम्ही पाहिलंच. गल्लीत उभी गाडी, दारं उघडी, मागच्या सीटवर अम्मा हातात वाटी घेऊन. मणी उंबऱ्यापलीकडे यायचा नाही. अम्मा वाटी पायाजवळ ठेवायची, मग सीटच्या कडेला, मग मांडीवर. एकदाचा तो चढला. मग दार लावून. मग इंजिन चालू करून, जागच्या जागी. ऑफिसमधून फोन येत, इस्पितळातून येत, माझा नवरा नितीन बेंगळुरूहून विचारी, आज कुठपर्यंत? मी सांगे, आज गल्लीच्या तोंडापर्यंत. माणसं महिन्याभरात परदेशात स्थायिक होतात, आणि मी आईला घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत पोचले होते.

कालव्यापर्यंत जाऊन येणं जमायला लागलं आणि त्याच दिवशी एका खासगी बसने अगदी कानाशी हॉर्न दिला. मणी सीटवरच मुतला. घरी येऊन तो खाटेखाली शिरला तो निघेना. अम्माला धाप लागली होती. खाटेवर भिंतीला टेकून बसत ती म्हणाली, "सोड आता. मी एथेच राहते. आमचे दोघांचे होईल ते होईल."

मी तिच्या पायाशी बसले. "माझं काय होईल, अम्मा?"

 हात टेकत ती जमिनीवर आली, खाटेखाली वाकली आणि त्याला म्हणाली, "ये रे मणी. ही रडते आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या गाडीपासून सुरुवात. ह्या वेळी तो लवकर चढला. पण अम्माचं रक्त तपासून इथले डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. तयारी अर्धीच होती. तशीच निघालो, मणीला गोळी देऊन, उजाडताना, गारव्यात. त्रिची गेली, नामक्कल गेलं. मणी टोपलीत थरथरत होता, पण डोळे अम्मावर लावून. तोप्पूरच्या घाटात वळणं सुरू झाली तेव्हा त्याला फेसाची उलटी झाली, आणि शेजारी अम्माला श्वास पुरेना. आरशात मला दोन उघडी तोंडं दिसत होती. गाडी थांबवून उपयोग नव्हता. मी चालवत राहिले, आणि मोठमोठ्याने मराठीत बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. कुणासाठी बोलत होते तेही सांगता येणार नाही.

पोचलो. अम्माला थेट इस्पितळात नेलं. ती वाचली.

पुढचं कुणाला सांगितलं नव्हतं. नवव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मणीने अन्न सोडलं. चकचकीत फरशीवर त्याचे पाय घसरत, लिफ्टचा आवाज आला की तो पलंगाखाली जाई. अम्माही दोन घासांनी ताट सरकवायची. शेजारच्या बायका हिंदीत हसून बोलत, माझ्या सासूबाई फोनवर सांगलीच्या मराठीत बोलत. अम्मा सगळ्यांनाच नुसती मान डोलवायची. एवढं सगळं करून मी दोघांना इथे मरायला आणलं की काय, असं मला वाटायला लागलं.

एका संध्याकाळी इस्पितळातून परतलो. मणीला टोपलीत बरोबर नेलं होतं, घरी एकटा विव्हळतो म्हणून. बेसमेंटमध्ये गाडी लावली. मणी उतरेना. अम्मा वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "वर जाऊन भात घेऊन ये." मी आणला. त्याने तिच्या मांडीवर पोटभर खाल्ला. उरलेला तिने स्वतः खाल्ला, बोटं चाटून, आणि अजून मागितला.

तेव्हापासून आम्ही रोज खाली जेवतो. वॉचमनला आता सवय झाली आहे. तुम्ही फोनवर विचारता, अम्मा रमली का. नाही रमली. मला वाटत नाही ती रमेल. पण संध्याकाळी मी डबा घेऊन खाली जाते, ती दोघं मागे बसतात, मी पुढे. दारं लावून घेतो. अम्मा तंजावरच्या मराठीत तुमची नावं घेऊन कुणाचं काय चाललंय ते मणीला सांगते. इंजिन बंद असतं. तेवढा वेळ आमच्यापैकी कुणालाच कुठे जायचं नसतं.