भिंतीतला लिलाव

वाजवून पाहिल्याशिवाय या जगातल्या कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवू नये, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याच घरात मी माझी मुलगी दिली. आमचे व्याही. नारळ, कलिंगड, माठ सगळेच वाजवून घेतात; व्याही खुर्चीसुद्धा वाजवून मग बसत. डॉक्टरांनी त्यांची पाठ ठोकून पाहिली की "काय ऐकू आलं?" असं इतक्या उत्सुकतेने विचारत, की डॉक्टर बिचारे पुन्हा एकदा ठोकून बघत. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी तिला शिक्षण विचारलं नाही, की स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं नाही. पोहे खाता खाता डाव्या हाताच्या पेरांनी आमच्या बैठकीची भिंत ठोकली आणि समाधानाने म्हणाले, "भरीव आहे." पुढे कळलं, मुलगी पसंत पडली ती आतल्या खोलीत स्टीलचं ताट ठेवल्याचा आवाज आला नाही म्हणून. ते ताट आमच्या कामवालीने ठेवलं होतं; पण ठरलेलं लग्न असल्या तपशिलावरून मोडायचं नसतं.

मी तेव्हा पन्नाशीची होते. पन्नाशीतली बाई फार शहाणी असते, निदान मी तरी होते. त्या वर्षी मी 'गाणं कसं ऐकावं' असल्या एका शिबिराला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून मैफलीत डोळे मिटून बसायचं आणि मधूनच "क्या बात है!" म्हणायचं, हे मला येऊ लागलं होतं. एकदा मी असं म्हटलं तेव्हा गवई नुसते खोकले होते. पण नाशिकमधल्या आमच्या गोतावळ्यात माझा कान 'तयार' आहे अशी बातमी पसरली होती. पसरवायला मी स्वतःच घरोघर गेले होते, त्यामुळे तिच्यात शंकेला जागा नव्हती.

व्याही मूळचे नामपूरचे. तिथे त्यांचं घर कांदा मार्केटला अगदी लागून. घराची मागची भिंत संपली की लिलाव सुरू. वडील गेल्यावर म्हातारी आई तिथे एकटी राहत होती, आणि एवढ्या एका गोष्टीने व्याह्यांची झोप उडाली होती. गुडघे गेलेले, दिसायचं कमी झालेलं, एकदा न्हाणीत पडूनही झालेलं. ते तिला नाशिकला, गंगापूर रोडच्या आपल्या बंगल्यात घेऊन येत आणि तिसऱ्या दिवशी आजी पिशवी भरून दारात बसलेल्या असत. "आठे काही वाजत नही," इथे काही वाजतच नाही, असं आपल्या अहिराणीत म्हणत. "ना ट्रॅक्टर, ना मानूस. माले भेव वाटस." व्याह्यांनी काय काय करून पाहिलं नाही! नामपूरहून त्यांची बाज आणली, चूल आणली, शेजारणीची म्हैस आणायचं चाललं होतं ते नगरसेवकापर्यंत गेलं. त्यांच्या सौभाग्यवतींना संसारातलं एकच वाक्य येत असे, "करा काय करायचं ते," आणि ते त्या म्हशीच्या वेळीही म्हणाल्या. आजी थांबल्या नाहीत त्या नाहीत.

अशात त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या जावयांनी, घरात होम थिएटर करायचं काढलं. तेव्हा ते खूळ नवीन होतं. ज्याच्याकडे ते आहे तो पाहुण्यांना चहाआधी हेलिकॉप्टर ऐकवत असे. व्याही दोन दिवस घरातल्या भिंती ठोकत फिरले. मग म्हणाले, "भिंतीत बसवायचे स्पीकर मिळतात का?" जावयांना वाटलं, बाबा आधुनिक झाले. व्याह्यांचा हिशोब वेगळा होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "डबा दिसला की आवाज डब्यातून येतो," ते मला म्हणाले. "भिंतीतून आला, तर बाजार भिंतीमागे आहे असं वाटेल. आई राहील. विहीणबाई, तुमचा कान तयार आहे. दुकानात चला."

मी सिल्कची साडी नेसून गेले. कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात मागे एक काचेची खोली होती. टाय लावलेल्या तरुणाने आम्हाला सोफ्यावर बसवलं, दिवे मंद केले आणि आमच्या डोक्यावरून पाऊस पाडला, काचा फोडल्या, विमान उतरवलं. मी डोळे मिटून "क्या बात है!" म्हटलं. व्याही उठले, खिशातून कॅसेट काढली आणि म्हणाले, "आता ही लावा." कॅसेटमध्ये नामपूरचा लिलाव होता. व्यापाऱ्यांची बोली, अडत्याचा चिरका आवाज, ट्रॅक्टरची फटफट, आणि मध्येच कुणाच्या तरी सासऱ्याचा उद्धार. तो तरुण घाबरून आवाज कमी करायला धावला. "वाढवा," व्याही म्हणाले. "ज्याच्यातून अडत्या नीट बोलत नाही, त्याच्यातून विमान उतरलं काय अन् पडलं काय!" दुकानातली प्रत्येक जोडी त्यांनी त्या लिलावावर पारखली. एकीत अडत्याला सर्दी झाली होती, एकीत तो पिंपात बसला होता, एका फार महागड्या जोडीत तो म्हणे सुशिक्षित वाटत होता. मला विचारलं तेव्हा मी गंभीरपणे म्हटलं, "याचा खर्ज जरा कोवळा आहे." याचा अर्थ मला आजही माहीत नाही. व्याह्यांनी मात्र ती जोडी बाजूला ठेवायला लावली.

शेवटी एक जोडी सापडली. तिच्यातून अडत्या नामपूरसारखा ओरडला, तेव्हा व्याही उठून काचेच्या खोलीबाहेर डोकावून आले. कोणी खरंच आलंय का म्हणून. अडचण एवढीच निघाली, की ते स्पीकर परदेशातल्या पोकळ, फळ्यांच्या भिंतींसाठी बनवलेले होते. "आपल्याकडे विटांच्या भिंती, काका," तरुण म्हणाला, "आत जागा नसते." व्याही म्हणाले, "जागा केली की होते."

मग गवंडी आला. भिंतीला चौकोन पाडायचे म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, लोक मला भोकं बुजवायला बोलावतात." पण आधी प्रश्न होता तो उंचीचा. स्पीकरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, की ते सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत असावेत. व्याह्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि मला फोन केला, "विहीणबाई, तुमचा कान घेऊन जरा या." आता बघा माझा शहाणपणा! जमलेल्या चार बायकांना मी सांगून निघाले, की आवाजाची अंतिम परीक्षा माझ्यावर सोपवली आहे. गेले तर मला जमिनीवर पाट मांडलेला. व्याह्यांनी मला त्यावर मांडी घालून बसवलं, भिंतीला टेकवलं, आणि माझ्या कानाच्या पाळीशी पेन्सिलीने खूण केली. "झालं," म्हणाले. मी विचारलं, "ऐकायचं काय?" तर म्हणतात, "ऐकायचं काही नाही. आई सोफ्यावर बसत नाही, पाटावर बसते. बसल्यावर तिची उंची बरोबर तुमच्याएवढी भरते. चहा घेणार?"

तर असा माझा तयार कान अखेर कामी आला. दोन्ही स्पीकर जमिनीपासून दीड हात उंचीवर बसले, मागे सागवानी खोका, खोक्यात गादीवाल्याकडून पिंजून आणलेला कापूस. जावई हताश झाले, कारण सोफ्यावर बसून सिनेमा लावला की नायक पोटाशी बोलायचा. माझी मुलगी म्हणाली, "आई, आमच्याकडे सिनेमा बघायला येणाऱ्यांना आधी खाली बसा म्हणावं लागतं, जेवायला बसवल्यासारखं."

दसऱ्याला आजींना आणलं. नव्या वस्तूची पूजा झाल्याशिवाय ती वाजवायची कशी? स्पीकरच्या तोंडावरच्या जाळ्या अजून बसवायच्या होत्या. आजींनी पाटावर बसूनच दोन्ही स्पीकरना हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. हात सढळ, नजर कमी; डाव्या स्पीकरवर जास्तच पडल्या, काही आतच अडकल्या. जाळ्या बसल्या, कॅसेट लागली. अडत्याने पहिली आरोळी दिली आणि डावी भिंत खरखरायला लागली. व्याह्यांचा चेहरा उतरला. ट्रॅक्टर आला की खरखर, बोली चढली की खरखर. एवढा खटाटोप, एवढी फोडाफोड, आणि आजींची पिशवी तर आधीच पायाशी. व्याही स्क्रूड्रायव्हर घेऊन धावले तेवढ्यात आजींनी हात वर केला. मान तिरकी करून ऐकलं. "राहू दे," म्हणाल्या. "कांदास्ना सालटा उडतस." मार्केटमध्ये वाऱ्याने सालपटं सळसळतात, तसंच त्यांना वाटलं. त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी आम्ही सगळे कुजबुजत जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांनी विजयी मुद्रेने तीच कॅसेट पुन्हा लावली. आजी थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग कडाडल्या, "हाऊ ते कालनाच भाव शे! तोच माल कितला डाव ईकतस रे?"

मला वाटलं, संपलं. निघाल्या आजी. व्याह्यांनी मात्र टेपरेकॉर्डर पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून नामपूर गाठलं. दुपारी ताजा लिलाव घेऊन परत. आणि तेव्हापासून तो नेमच झाला. लोक गावाकडून भाजी आणतात, तूप आणतात. आमचे व्याही भाव आणत. मार्केटमध्ये लोक त्यांना आधी सरकारी माणूस समजले, मग पत्रकार, मग वेडा, आणि शेवटी अडत्या स्वतःच त्यांना पुढे घेऊन "आज म्हातारीसाठी जोरात" म्हणून ओरडू लागला. आजी ऐकत, व्यापाऱ्यांना शिव्या देत, भाव पडला की जेवत नसत, चढला की गोड मागत. मीही आठवड्यातून एकदा जाऊन ऐकत बसे, पण त्या अस्सल गोंगाटात माझे कान दुखत, आणि मी शिष्टासारखी पदर कानाला लावून बसे. शिबिरात लिलावाबद्दल काही शिकवलं नव्हतं.

आजींनी पिशवी पुन्हा भरली नाही. त्या गेल्या तेही त्याच घरातून, त्याच पाटाशेजारच्या बाजेवरून. व्याह्यांनी त्यानंतरही कधी डावी जाळी उघडू दिली नाही. जावई म्हणत, पाच मिनिटांचं काम आहे, तांदूळ काढून टाकू. "आईने टाकलेत, तिला काढायचे असते तर तिने सांगितलं असतं," असं म्हणून व्याही स्क्रूड्रायव्हर आपल्या खिशात घालत.

आता व्याहीही नाहीत. मागच्या महिन्यात घर रंगवायला काढलं, तेव्हा जावई भिंतीतले चौकोन बुजवायला निघाले होते. मी म्हटलं, आधी एकदा लावा तरी. कपाटातून एक कॅसेट निघाली, जुना टेप कसाबसा चालू झाला. मी पाटावर बसले. वयाने मी चार बोटं खाली आले आहे, म्हणून पाटावर उशी घ्यावी लागली, तेव्हा कुठे माझा कान जागेवर आला. लिलाव सुरू झाला, डावी भिंत सळसळली. आणि गलक्यातून अगदी जवळून, टेपला तोंड लावून, व्याह्यांचा आवाज आला. जी कॅसेट स्वतःच घरी नेऊन, आईशेजारी बसून वाजवायची, तिच्यात हा माणूस आईला निरोप भरून ठेवत होता! मी पोचायच्या आत तेवढा भाग वाजून गेलेला असणार.

"आई, आज भाव बरा शे. जेवी ले." मग थोडं थांबून, हळूच: "आनि आज विहीणबाई येणार शेतस. त्यास्ना पुढे आवाज कमी ठेवजो. त्यास्ना कान लई नाजूक शेतस."

मुलगी पोट धरून हसायला लागली. मीही हसले. माझं मेलीचं नाक मात्र उगाच वाहायला लागलं. रंगाच्या वासाने असेल.

उठताना आधाराला भिंत धरली, तेव्हा सहज पेरांनी ठोकून पाहिली. भरीव आहे.