आबांचा डावा हात

कृतिका मॅडमची मेल आली तेव्हा वैशाली कल्याणच्या स्टुडिओत कुणाच्या तरी लग्नातल्या वरमाईची जांभई कापत बसली होती. ही तिसरी मेल. मॅडम ठाण्याच्या एका कलाकेंद्रात प्रदर्शनाची निवड बघायच्या आणि त्यांच्या प्रत्येक मेलची सुरुवात ‘अतिशय सुंदर काम’ अशी असायची. ते वाचलं की वैशालीच्या मस्तकात तिडीक जायची, कारण पुढचं वाक्य ठरल्यासारखं ‘फक्त’नं सुरू व्हायचं.

‘फक्त पहिल्या पडद्यावरचा आवाज हातांशी जुळत नाही. त्या हातांचा खरा आवाज ठेवला तर परिणाम वाढेल.’

“परिणाम वाढेल म्हणे,” ती कॉम्प्युटरलाच म्हणाली. “औषध आहे का?”

वैशाली ठाकुर्लीची. चित्रकलेचा डिप्लोमा घराच्या भिंतीवर आणि पोट लग्नाच्या व्हिडिओंवर. दोन वर्षांपूर्वी शीळफाट्याच्या एका हळदीचं फुटेज कापताना तिचा हात एकदम थांबला होता. बेंजोपार्टीच्या त्या गोंगाटात तिच्या वडिलांची ढोलकी वाजत होती. आबा तर घरी पलंगावर. अर्धांगाच्या झटक्यानं डावी बाजू गेल्यापासून त्यांनी ढोलकीला हात लावलेला नव्हता. पण जन्मल्यापासून ऐकलेला डाव्या हाताचा घुमारा पोरगी विसरते होय? तिनं पार्टीवाल्याला फोन लावला.

“ताई, ते पॅडमधलं आहे,” तो म्हणाला. “आबा टोन बोलतात त्याला. टिटवाळ्यापासून पनवेलपर्यंत सगळ्यांकडे आहे. पाहिजे तर पाठवू का?”

हे आबा कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं.

आबा भीमगीतांच्या गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे. त्याच पार्टीतल्या प्रेमनं पुढे पॅड घेतलं, म्हणजे काडीनं ठोकलं की आत भरलेला आवाज काढणारं यंत्र, आणि त्यात आबांची एकेक थाप भरली. तिथून ती या पेनड्राइव्हवरून त्या पेनड्राइव्हवर गेली. आबांना कुणी विचारलं तरी होतं का, म्हणून वैशाली पेटली ती पेटलीच. तिनं तीन पडद्यांचं काम उभं केलं. पहिल्यावर ढोलकीवरचे आबांचे हात, दुसऱ्यावर पॅडवर नाचणाऱ्या प्रेमच्या काड्या, तिसऱ्यावर हळदीतली माणसं, आणि तिन्हींमागे एकच ढोलकी.

शूटिंगसाठी आबा कसेबसे ढोलकीपुढे बसले. उजवा हात चालला, डावा नुसता कातड्यावरून घसरत राहिला. नंतर स्टुडिओत तो आवाज वैशालीला ऐकवेना. तिनं तो बंद केला आणि त्या हातांखाली प्रेमकडूनच घेतलेला आबा टोन बसवून दिला. जुळत नाही, हे काय तिला कळत नव्हतं?

केंद्राच्या पहिल्या मेलमध्ये काम लांबलंय, असं होतं. तिनं मनावर दगड ठेवून निम्मं केलं. दुसऱ्या मेलमध्ये अन्याय कुणावर झाला ते कळत नाही, असं होतं. तिनं दात खात शेवटी काळ्या पट्टीवर लिहिलं, ‘हा आवाज विचारून घेतलेला नाही.’ आणि आता ही तिसरी. सगळ्यात जास्त चीड याची आली, की मॅडमचं म्हणणं बरोबर होतं.

रविवारी घरी बसून तिनं खरा आवाज लावला. उजव्या हाताची थाप आणि मागे डाव्याची खरखर, परत थाप, परत खरखर. काम जमल्याचं तिला कळलं आणि त्याच क्षणी स्वतःचा रागही आला.

“हे काय लावलंस?” पलंगावरून आबांनी विचारलं.

“तुमचाच आवाज आहे, आबा. खरा.”

“काढ तो.”

“काढ काय? तिकडे त्यांना हाच पाहिजे. तुमचं काय गेलं, ते लोकांना कळू दे की. प्रेमनं तुम्हाला न विचारता...”

“कोण म्हणतं न विचारता? अख्खा दिवस माझ्यापुढे बसलेला तो. मीच एकेक थाप मारून दिली. मनासारखी नाही आली तर पुसायला लावून परत मारली.”

वैशालीनं व्हिडिओ थांबवला. “मग मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कधी? तू कॅमेरा घेऊनच आलेलीस.”

दोन वर्षं ज्यांच्या वतीनं ती जगाशी भांडत होती, त्यांची तक्रारच नव्हती. तिचा आवाज चढला. “पण तुम्हाला ओळखतं तरी कोण? सगळे आबा टोन वाजवतात, त्यातले आबा कुणाला माहीत आहेत?”

“नसू दे.” आबांनी उजव्या हातानं डावा उचलून मांडीवर नीट ठेवला. “खाली कुणाची हळद असली ना, की मी खिडकीशी बसून ऐकतो. तिथं माझा डावा हात अजून धड आहे, वैशू. तुझ्या पडद्यावरच तेवढा मी लुळा.”

तिला रडू येत होतं आणि रागही, आणि तो कुणावर काढायचा तेच सुचत नव्हतं. मॅडमवर काढावा तर त्या चुकीचं बोलल्या नव्हत्या. प्रेमवर तर आता काढायची सोयच राहिली नव्हती. तिनं खरा आवाज काढून जुना चढवला, काळ्या पट्टीवरचं वाक्य पुसलं, आणि मेल लिहायला घेतली.

‘पहिल्या पडद्यावरचा आवाज हातांशी जुळत नाही, हे मला माहीत आहे. तो तसाच राहील. चालणार नसेल तर काम परत करा.’

“पाठवायच्या आधी एकदा लाव,” आबा म्हणाले. “आणि जरा मोठ्यानं लाव.”