हुकूम मोडला, पोस्ट सोडली नाही

माझी पोस्टिंग कोहिमाच्या वरच्या डोंगरात होती. एक बंकर, एक वायरलेस सेट, एक वॉकी-टॉकी आणि आठ जवान. पोस्ट कमांडर होते हवालदार हिरामण कापगते. गाव माझंच, नवेगाव बांधच्या बाजूचं. कोहळी समाजाचं घर, वाडवडिलांनी बांधलेल्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, राखणारं. मी त्यांना भाऊ म्हणायचो.

पहाटे हत्यारं घेऊन मोर्चावर स्टँड-टू, मग गस्त, दुपारी हत्यारांची सफाई, संध्याकाळी रोल कॉल. एकदा रोल कॉलनंतर कंपनी कमांडर मेजर साहेबांनी त्या जमिनीवरची जुनी लढाई सांगितली. दुसऱ्या महायुद्धात एक जपानी जनरल आपली डिव्हिजन घेऊन याच डोंगरांवर चढला होता. त्याआधी रशियाच्या सीमेवर रेजिमेंट लढवून नाव कमावलेला माणूस. वरच्यांनी कबूल केलेली रसद आलीच नाही. जवान गवत उकडून खाऊ लागले. हा मागत राहिला, वरून एकच उत्तर, हटायचं नाही. शेवटी त्याने हुकूम मोडला आणि उरलेली माणसं मागे नेली. मग म्हणाला, माझं कोर्ट मार्शल करा, सगळं सांगतो. वरच्यांना तेच नको होतं. त्यांनी त्याला वेडा ठरवलं.

तो शत्रू होता. त्याच्या फौजेने इथल्या नागा घरांतला तांदूळ लुटला, हे मी झाकणार नाही. पण एसीत बसून हुकूम सोडणारे आजही कमी नाहीत. म्हणून त्या माणसाला माझा सॅल्यूट.

बंकरमध्ये मी विचारलं, "भाऊ, तुम्ही असता तं?"

"पोरं खाली पाठवलो असतो."

"अन् तुम्ही?"

"पोस्ट सुनी ठेवतेत का बे?"

पावसाळ्यात एका सकाळी बंकरखालच्या उतारातून पाणी झिरपू लागलं. भाऊंनी ओंजळीत घेऊन पाहिलं. "गढूळ येऊन राहिलं. पाळीतून गढूळ आलं का समजायचं, पाळ चालली."

त्यांनी सेट उचलून खालचं कंपनी मुख्यालय लावलं. "टायगर, चार्ली बोल रहा हूँ. ढलान खिसक रही है. जवान नीचे ला रहा हूँ. ओव्हर."

"नेगेटिव्ह. पोस्ट होल्ड करो. ओव्हर."

"पोस्ट होल्ड रहेगी. जवान नीचे आएंगे. आउट."

आम्ही बाजूच्या खडकाळ सोंडेवर उतरलो. भाऊंनी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून माणसं मोजली. तिथून पाझर दिसत होता. थोड्या वेळाने तो आटला. एक थेंब नाही.

"थांबला," भाऊ म्हणाले. "पाळ बसली, आता भेव नाही. तुम्ही इथंच राहा."

"काऊन जाता भाऊ? पाऊस तं पडून राहिला."

"सेटवर शब्द देलो ना."

ते चढले. आमच्या वॉकी-टॉकीवर आवाज आला, "चार्ली पोस्ट पर है. ऑल ओके." आणि उतार बंकरसकट खाली आला. आम्ही हातांनी उकरलं. वरून आलेल्या दगडाने माझा गुडघा गेला. भाऊ सापडले तेव्हा हेडफोन त्यांच्या गळ्यात होते.

पुढे एका इंजिनिअर साहेबांनी सांगितलं, डोंगराचा पाझर एकदम आटला तर पाणी आत तुंबलेलं असतं आणि उतार कोसळतो. आमच्याकडे पाझर थांबला की गाव सुटकेचा श्वास टाकतं. तिथे नेमकं उलटं होतं.

मेडिकल बोर्डाने मला घरी पाठवलं. यंदा गावाने ठरवलं, तलावाच्या पाळीवर शहीद जवानांच्या नावांचा दगड लावायचा. ग्रामसभेत एक मेंबर उठला. "हिरामण तं हुकूम मोडून मेला. त्याचं नाव कायले?"

त्या सकाळी काय घडलं, त्याची पत्रकं मी छापून नेली होती. ती वाटली आणि त्या जनरलची गोष्ट सांगितली.

"आता जपान शिकवतो का आम्हाले?" मागून कोणी बोललं. सभा हसली.

"हो, शिकवतो. तो जनरल युद्ध संपल्यावर आपल्या मेलेल्या जवानांसाठी दगड उभारत फिरला. शत्रूला जे कळलं ते तुम्हाला कळत नाही? भाऊंनी हुकूम मोडला तो आमच्यासाठी. पोस्ट त्यांनी सोडली नाही. ते पोस्टवर गेले. मी डोळ्यांनी पाहिलं."

तेव्हा भाऊंचे वडील उठले. सोमाजी आबा. आजही पाळ तेच राखतात. मेंबरकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला विचारलं, "पाझर थांबला म्हणून वर गेला ना तो?"

"हो आबा."

"तसंच शिकवलो होतो मी त्याले."

भाऊंच्या नावासाठी आधी मेंबरचा हात वर झाला, मग सगळ्यांचे.

दगडावर कोरलं आहे: हवालदार हिरामण सोमाजी कापगते, पोस्टवर असताना. पावसाळ्यात आबा रोज पाळीवर फेरी मारतात. पाझर वाहता असला तर बोट बुडवून पाहतात. थांबलेला असला, तर त्या दगडापाशी बसून राहतात.